मुसी नदीचा पूर व दोन जलाशय

धरण म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें कालवे व उंसाचे मळे उभे राहतात. पावसाचें पाणी सांठवून तें उन्हाळ्यांत वापरावें, हा धरणाचा उपयोग लहान मुलांसही ठाऊक असतो. परंतु पुरास आवर घालणें हें धरणाचें दुसरें कार्य आहे, व तें पहिल्याच्या जवळजवळ उलट आहे. तें कसें, हें आम्ही हैदराबादच्या उदाहरणानें सांगणार आहों.

हें शहर मुसी नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजीं या नदीस भयंकर पूर आला. शमशाबाद येथें चोवीस तासांत सुमारें 13 इंच पाऊस पडला होता. नदीच्या वरच्या अंगास लहानमोठे 788 तलाव होते. त्यांपैकीं 221 फुटले. एक तलाव फुटला कीं, त्याचा लोंढा खालच्या तलावावर जाई व तोही फुटे. अशा रीतीनें पावसाच्या पाण्यांत तलावांचें पाणी मिसळून तें सारें एकदम शहरावर आलें. हजारों माणसें मेलीं. अफझलगंज भागांत एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें दीडशें लोक वांचले. तें झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत दाखवितात.

पुढें 1909 सालीं निजाम सरकारनें विश्वेश्वरय्या यांस बोलाविलें. हे मूळचे म्हैसूरकडील खरे, परंतु त्यांचें स्थापत्याचें शिक्षण पुण्यास झालें, व खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे 1903 सालींच बसले होते. पूर शहरांत शिरण्यापूर्वीं वरच अडवावा, असा त्यांचा सल्ला पडला. त्यास अनुसरून मुसीवर उस्मानसागर 1920 सालीं, व तिची उपनदी ईसी हिच्यावर हिमायतसागर 1927 सालीं पुरा झाला.

आतां हिशेब पाहूं. समजा, नदींतून दर तासास शंभर भाग पाणी येत आहे, व धरणाच्या दरवाजांतून आपण चाळीसच भाग सोडतों. उरलेले साठ भाग जलाशयांत राहतात, व शहरापुढून शंभरांऐवजीं चाळीसच वाहतात. पाऊस ओसरल्यावर सांठलेलें पाणी सावकाश सोडावयाचें. पूर अधिक वेळ टिकतो, पण त्याची उंची घटते. आणि घरें बुडतात तीं उंचीनें. मात्र जलाशयांत सहाशें भागांची जागा रिकामी असेल, तर हा आवर दहा तास टिकेल. एकशेंवीस भागांचीच असेल, तर दोन तास. जागा संपली कीं, येईल तितकें पाणी पुढें सोडावेंच लागतें.

मिसर देशांत योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत कोठारें भरून ठेविलीं, म्हणून दुष्काळांत लोक जगले. पाणी सांठविणारें धरण तशा कोठारासारखें आहे. पूर अडविणारें कोठार मात्र रिकामें असेल तरच उपयोगीं पडतें! उस्मानसागर व हिमायतसागर यांचें पाणी शहरास पिण्यासाठींही दिलें गेलें. तेव्हां पाणीपुरवठ्याचा अधिकारी जलाशय भरलेला मागणार, व पुराची काळजी वाहणारा रिकामा. पावसाळ्याच्या आरंभीं पातळी खालीं ठेवावी व शेवटीं ती भरून घ्यावी, हा त्यांतला मध्यम मार्ग. पण निसर्ग आपलें पंचांग पाहत नाहीं. 1908 चा पूर सप्टेंबरच्या अखेरीस आला. 2020 सालीं ऑक्टोबरांत अतिवृष्टि होऊन हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले, व नदीकांठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें.

आमच्या पुणेकर वाचकांस 12 जुलै 1961 हा दिवस सांगावयास नकोच. त्या दिवशींचा पूर धरणानें अडविलेला नव्हे, तर धरणानेंच आणिलेला होता. पानशेतच्या मातीच्या धरणाचें काम अपुरें असतांच त्यांत पाणी चढलें व तें फुटलें. त्याचा लोंढा खालीं गेला, आणि ज्यावर 1903 सालीं ते दरवाजे बसविले होते, तें खडकवासल्याचें दगडी धरणही फुटलें.