आजोबांचे कानातले यंत्र

माझे आजोबा अंबरनाथला एका कारखान्यात होते. तिथे मशिनींचा फार मोठा आवाज असे. त्यामुळे त्यांना कमी ऐकू येऊ लागले. आता ते श्रवणयंत्र लावतात. त्यातला छोटा माईक आवाज घेतो. यंत्र तो मोठा करून नळीतून कानात सोडते.

यंत्राची निगा अशी राखावी :
१. आंघोळीच्या वेळी व झोपताना यंत्र काढावे.
२. सेलवरची चिकटपट्टी आधीच काढू नये. हवा लागली की सेल सुरू होतो.
३. कानातला साचा वेगळा करून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा व पूर्ण सुकवावा. यंत्राला पाणी लावू नये.
४. रात्री सेलचे झाकण उघडे ठेवावे. आमच्या बदलापूरकडे पाऊस फार, म्हणून यंत्राच्या डबीत ओल शोषणारी पुडी ठेवावी.

एकदा यंत्राची शिट्टी वाजली आणि मी हसलो. आजोबांनी यंत्र काढून खिशात टाकलं. मग रस्त्यात मागून टेम्पो आला, त्याचा हॉर्न त्यांना ऐकूच आला नाही. मी हात धरून ओढलं म्हणून वाचले. साचा नीट बसला नाही की शिट्टी वाजते, हे मला नंतर कळलं.

मित्रांनो, यंत्राला हसू नका. ओरडूही नका. समोर उभं राहून सावकाश बोला.

– इयत्ता ४ थी