एक्झिट परीक्षा गेली. आता नववीकडे बघा

नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दहावीची एमकॅस परीक्षा पास झाल्याशिवाय हायस्कूल डिप्लोमा न देण्याची अट काढून टाकली. सुमारे ५९ टक्के मतं बाजूने पडली. त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्याने रीजंट्स परीक्षांची सक्ती २०२७-२८ पासून उठवण्याचा आराखडा मांडला. कॅलिफोर्नियाने आपली एक्झिट परीक्षा कधीच मोडीत काढली आहे.

दहावी-बारावीच्या बोर्डाच्या धाकात वाढलेल्या मराठी आईवडिलांच्या मनात लगेच येतं, की परीक्षाच नसेल तर मुलं अभ्यास कशाला करतील? काळजी समजण्यासारखी आहे. आपल्याकडे बोर्डाच्या टक्क्यांवर अकरावीचं कॉलेज ठरायचं, शाखा ठरायची. अमेरिकेतल्या या परीक्षांना ते वजन कधीच नव्हतं. त्या किमान पातळी तपासत, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये केवळ एमकॅसमुळे डिप्लोमा अडलेली मुलं दर वर्षी एक टक्क्याच्या आसपास होती. त्यांत नुकतीच इंग्रजी शिकू लागलेली आणि विशेष गरजा असलेली मुलं बरीच. चार वर्षं वर्गात बसून सगळे विषय पास झालेल्या मुलाला एका पेपरसाठी डिप्लोमा नाकारणं मला अन्यायाचंच वाटतं, त्यामुळे हा बदल योग्य आहे असं माझं मत आहे.

पण एक खरी अडचण उरते. मॅसॅच्युसेट्समध्ये आता मुलाने विषय आत्मसात केला की नाही हे त्याचा शाळाजिल्हा ठरवतो. एका गावातला बी ग्रेड आणि शेजारच्या गावातला बी ग्रेड सारखे असतीलच असं नाही. म्हणून घरी आलेल्या ग्रेडवर समाधान मानू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पालकभेटीत शिक्षकांना थेट विचारा, की पुढच्या वर्षीच्या ऑनर्स वर्गात हे मूल टिकेल का?

कॉलेज सगळ्यात आधी ट्रान्सक्रिप्ट बघतं आणि ते नववीपासून सुरू होतं. बारावीत जोर लावून नववीचा सी पुसता येत नाही. नुसता जीपीए चांगला असूनही भागत नाही. शाळेत जे अवघड विषय उपलब्ध होते, त्यांतले मुलाने किती घेतले हेही प्रवेश समिती तपासते.

सगळ्यात जास्त घोळ गणितात होतो. आठवीत अल्जिब्रा १ झालं तर नववीत जिऑमेट्री, दहावीत अल्जिब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस, असा सरळ रस्ता असतो. अल्जिब्रा १ नववीत आलं तर याच क्रमाने बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचता येतं. इंजिनिअरिंगची इच्छा असलेल्या मुलाला मग उन्हाळ्यात एक विषय उरकावा लागतो किंवा एका वर्षात दोन गणितं घ्यावी लागतात. याची आठवण अकरावीत झाली तर फार उशीर होतो. सातवीच्या अखेरीस काउन्सेलरची वेळ घ्या आणि पाच वर्षांचा गणिताचा क्रम कागदावर लिहून मागा. शाळा स्वतःहून देईल याची वाट पाहू नका.

परीक्षा संपूर्ण गेल्या असंही समजू नका. संघराज्याच्या कायद्यानुसार हायस्कूलमध्ये इंग्रजी, गणित आणि विज्ञानाची चाचणी घ्यावीच लागते, त्यामुळे एमकॅस होतच राहते. न्यूयॉर्कमध्ये नवा नियम प्रत्यक्ष लागू होईपर्यंत रीजंट्स पास होणं भागच आहे. न्यू जर्सीत अकरावीच्या एनजेजीपीए या राज्य परीक्षेची अट आहे, मात्र तिथे एसएटीसारख्या परीक्षेचे गुण किंवा पोर्टफोलिओ हे पर्यायही आहेत. दुसऱ्या बाजूला एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ यांनी २०२४ मध्ये एसएटी किंवा एसीटी पुन्हा सक्तीची केली. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मात्र प्रवेशासाठी हे गुण बघतच नाहीत. यादीत कोणती कॉलेजं आहेत त्यावर तयारी ठरवा. भारतात परतून एनआयटीत परदेशात शिकलेल्या मुलांसाठीच्या डासा योजनेतून जायचं असेल तर २०२१ पासून तिथे एसएटी चालत नाही, जेईई मेन द्यावी लागते. तिचा अभ्यासक्रम अमेरिकन शाळेपेक्षा वेगळा आहे, म्हणून हा निर्णय दहावीतच घ्या.

पुण्या-नागपुराहून थेट दहावी-अकरावीत आलेल्या मुलांना नव्या नियमांचा सर्वाधिक फायदा आहे, पण क्रेडिटचा हिशेब त्यांनाच जास्त जाचतो. न्यूयॉर्कमध्ये २२ आणि न्यू जर्सीत १२० क्रेडिट लागतात, मोजण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी. अमेरिकन इतिहास भारतात झालेला नसतो, तो इथे घ्यावाच लागतो. निघण्यापूर्वी आठवी-नववीपासूनच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यानिशी घ्या, मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रमही सोबत ठेवा. काही शाळाजिल्हे मराठीला परकीय भाषेचं क्रेडिट देतात. प्रवेशाच्या पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारा आणि कोणते विषय मान्य झाले ते लेखी घेऊनच शाळेतून बाहेर पडा.