मुखड्याआधी बूड बघ

बाळा, तुझ्या नेपोलियनचा फोटो पाहिला. रुबाबदार आहे गडी! राजा घरात आणलास, आता नीट नांदव. पॅरिसच्या जुन्या बाजारात असे चिनीमातीचे अर्धपुतळे मी वर्षानुवर्षं हाताळले, म्हणून सांगते. तुझी घाईही मला ठाऊक आहे.

१. उचलायचा तो दोन्ही हातांनी, बैठकीखालून — धड आणि बैठक बहुतेकदा वेगळी असते, आतल्या सळीवर जोडलेली. राजाला हात लावावा तो पायाला.

२. आधी हात धू, कोरडे कर, अंगठी काढ — बिस्किट पोर्सिलेनवर झिलई नसते, बोटांचं तेल तिथंच बसतं. १७५०च्या दशकात व्हँसेनच्या कारखान्यानं (तोच १७५६ साली सेव्रला गेला) झिलई मुद्दाम सोडली, संगमरवराचा मऊपणा यावा म्हणून. ते देखणेपण आपल्या बोटांनी मळवू नये.

३. विकत घेताना पुतळा आडवा करून खालची खूण वाच. मुखडा गोड बोलतो, बूड खरं बोलतं. एकमेकांत गुंतलेले दोन ‘एल’ म्हणजे राजा लुई, आणि मधलं अक्षर सालाचं, ‘ए’ म्हणजे १७५३. नेपोलियनखाली ती खूण दिसली तर पाकीट खिशातच राहू दे — १७९३ मध्ये राजाबरोबर त्याची खूणही गेली, आणि नेपोलियन सत्तेवर आला १७९९ मध्ये.

४. मुकुटाखालचा ‘एन’ बहुतेकदा नेपोलियनचा नसतो, नेपल्सचा असतो — आणि तीही खूण पुढे कित्येक जर्मन कारखान्यांनी उचलली. त्या खुणेचा नेपोलियनचा मार्शल ने किंवा म्युरा आवडला तर जरूर घे, पण सेव्रचा भाव देऊ नकोस.

५. भिंगातून वर्दीची बटणं आणि जरीची वीण बघ — भट्टीत माती आक्रसते, म्हणून तयार पुतळ्यावरून साचा काढलेली नक्कल मुळापेक्षा लहान आणि बोथट निघते.

६. धूळ झटकायची ती जलरंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशनं, वरून खाली. फडकं नको — धागा पदकाच्या टोकात अडकतो. माझ्या हातून एका मार्शलच्या खांद्यावरच्या झालरीचा मसुरीच्या डाळीएवढा टवका असाच उडाला, तो गालिच्यात शोधायला सगळी संध्याकाळ गेली.

७. टवका उडालाच तर पाकिटात घालून तारीख लिही, गोंद लावू नकोस — झटपट गोंद सोडवताना कारागिराचा जीव जातो. घाईचा डिंक, जन्माची खोड.

८. पाण्यात बुडवू नकोस — सळी लोखंडाची असेल तर गंजून फुगते, आतून तडा देते, आणि तांबूस डाग वर झिरपतो.

९. फडताळावर बैठकीभोवती पेन्सिलीची फिकट रेघ मार, महिन्यानं बघ — दार आपटलं, रस्त्यावरून ट्रक गेला, की पुतळा केसभर सरकतो. रेघेबाहेर आलेला दिसला तर जागा बदल, त्याच दिवशी.