सागरनादाची मात्रा : श्रोत्रेंद्रियाच्या पथ्यापथ्याचा विचार

लाटा, वारा व बेटांवरील पक्ष्यांचे आवाज गुंफून श्रोत्यास चहूबाजूंनी वेढणाऱ्या ध्वनिरचना हल्ली निद्रेसाठी व ताणमुक्तीसाठी आवडीने ऐकल्या जातात. ही कल्पना अगदी नवी नव्हे. अमेरिकेत अर्व्ह टायबेल यांनी समुद्राच्या आवाजाची तबकडी १९६९ मध्येच काढली होती. भाट्ये, मांडवी किंवा तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग येथे रत्नागिरीकरांस हीच गाज विनामूल्य लाभते. 'झोपेसाठी हे ऐकू का?' असे रुग्णाने विचारल्यास वैद्याने शास्त्राधारे उत्तर द्यावे, या हेतूने प्रस्तुत विवेचन केले आहे.

शास्त्राधार

शब्द हा आकाशाचा गुण होय. तथापि चरकाचार्यांनी वातकलाकलीय अध्यायात वायूस शब्द व स्पर्श यांची प्रकृती आणि श्रोत्र व स्पर्शन या इंद्रियांचे मूळ म्हटले आहे. म्हणून शब्दाचा विचार करताना वाताचा विचार अटळ ठरतो. तिस्रैषणीय अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मेघगर्जना, नगारे इत्यादींचे फार मोठे आवाज ऐकणे हा अतियोग, मुळीच न ऐकणे हा अयोग आणि कठोर, भीषण किंवा इष्टनाश सुचविणारे शब्द ऐकणे हा मिथ्यायोग. उलटपक्षी उपकल्पनीय अध्यायात रुग्णाजवळ गायन, वादन व कथाकथनात कुशल माणसे असावीत, असा निर्देश आहे. तात्पर्य, शब्द हा औषधाप्रमाणे योग्य योजनेने हितकर व अयोग्य योजनेने अहितकर होतो.

आधुनिक निरीक्षणे

निसर्गध्वनींवरील १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाण्याच्या आवाजाने सुखद भावना विशेष वाढते, तर पक्ष्यांच्या आवाजाने ताण व त्रासिकपणा विशेष कमी होतो. गाजेचा आणखी एक उपयोग आहे. मंद व सलग आवाज चालू असता मध्येच होणारे भोंगे, दारांचे आवाज तितकेसे जाणवत नाहीत व निद्राभंग टळतो.

गाज सर्वांस सात्म्य नव्हे

येथे आपल्या किनाऱ्यावरील वैद्यांनी विशेष दक्ष राहावे. नोव्हेंबर २००९ चे फयान व जून २०२० चे निसर्ग ही वादळे कोकणाने सोसली आहेत. ज्या घरातील माणूस समुद्रावरून परतला नाही, त्या घरच्या व्यक्तीस हीच गाज इष्टनाशाची आठवण देईल. शहरवासीयास जो सम्यक् योग, तो तिला मिथ्यायोग ठरेल. अशा रुग्णास 'समुद्राचा आवाज ऐका' असे सांगणे हा अपथ्योपदेशच होय. म्हणून प्रकृती व दोष यांच्याबरोबरच रुग्णाचे त्या ध्वनीशी असलेले नाते प्रश्नपरीक्षेत अवश्य विचारावे.

योजना

१. प्रथम निदानपरिवर्जन. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेनुसार रुग्णकक्षात रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. आपल्याकडील २००० च्या नियमांनुसार शांतता क्षेत्राची रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. प्रतीक्षागृहातील दूरदर्शन संच बंद करणे, ही ध्वनिचिकित्सेची पहिली पायरी.

२. मात्रा अल्प असावी. तान्ह्या मुलांच्या निद्रेसाठी मिळणाऱ्या १४ ध्वनियंत्रांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी तीन यंत्रांचा आवाज ३० सेंटिमीटरवर ८५ डेसिबलहून अधिक भरला. यंत्र उशाशी न ठेवता दूर व मंद ठेवावे.

३. निद्रेपूर्वी पादाभ्यंगासमवेत अर्धा तास पुरेसा आहे. शिरोधारेच्या वेळी ध्वनी रुग्णाच्या इच्छेनेच योजावा. मौन आवडणाऱ्यास मौनच द्यावे.

४. कर्णनादात रात्रीचा मंद ध्वनी उपशय देतो. परंतु अकस्मात् आलेले बाधिर्य किंवा एकाच कानातील नाद असल्यास विनाविलंब कर्णतज्ज्ञांकडे पाठवावे. कर्णपटलास छिद्र असल्यास कर्णपूरण करू नये.

औषधी विक्रेत्यांस विनंती की, अशा ध्वनिफिती वा यंत्रे ठेवल्यास ती सहायक साधने म्हणूनच द्यावीत. बधिरता हा विकार १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत आहे. तो बरा करण्याचा दावा कोणत्याही फलकावर नसावा.

गाज हे औषध नव्हे, अनुपानासारखी साहाय्यक आहे. ती कोणास, केव्हा व किती द्यावी आणि कोणास देऊ नये, याचा निर्णय वैद्यानेच करावयाचा आहे.