रुमालातली नशा आणि हरवलेलं बालपण



मोठ्या रेल्वे स्थानकाबाहेर, उड्डाणपुलाखाली तोंडाला रुमाल लावून बसलेली मुलं आपण पाहतो. 'गर्दुल्ले' म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या रुमालात बहुतेक वेळा असतं पंक्चर काढायचं सोल्युशन, नाहीतर व्हाइटनरचं थिनर. म्हणजे दुकानात सहज मिळणारी वस्तू!

मुलं हे का करतात?
यातल्या टोल्युइनसारख्या द्रवाची वाफ फुप्फुसांतून काही क्षणांतच मेंदूपर्यंत पोहोचते. भूक लागल्याचं कळत नाही, थंडी वाजत नाही, रात्रीची भीती कमी होते. घरातली मारझोड, उपासमार यांतून पळालेल्या मुलाला पोटभर जेवणापेक्षा ही ट्यूब स्वस्त पडते.

किंमत कोण मोजतं?
तेच मूल. भंगार वेचून मिळालेले पैसे ट्यूबमध्ये जातात. स्मरणशक्ती कमी होते, हात थरथरतात, तोल जातो. रुळांजवळ राहणाऱ्याचा तोल जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कधी हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यूही येतो. आणि मागे रडायलाही कुणी नसतं.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला, की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त आहे. देशातल्या सुमारे ४.६ लाख मुलांना यासाठी मदतीची गरज आहे.

आपण काय करू शकतो?
१. असं मूल दिसलं तर १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करा. हातात पैसे देऊ नका, खाऊ द्या.
२. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. दारात आलेल्या मुलाला कागदासाठी परत पाठवू नका.
३. मुलाला नशेचा पदार्थ देणं हा बाल न्याय कायदा २०१५ नुसार गुन्हा आहे. शाळेजवळच्या दुकानदारांशी बोला.
४. वर्गात हा विषय घेताना "नशा वाईट" एवढंच सांगून थांबू नका. "त्याला भूक लागली असेल तेव्हा कोण होतं?" असंही विचारा.

सलग गैरहजर राहणारं मूल एकदम रस्त्यावर जात नाही. आधी ते आपल्या हजेरीपटावर लाल शाईत दिसतं. तेव्हाच त्याच्या घरी जाऊन आलो, तर पुढचं बरंच टळेल.