पुरासाठीचे कर्ज डॉलरमध्ये, फेडायचे कोणी?

प्रश्न : सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले आहे. रुपया घसरला तर भुर्दंड कोणाला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्यालाच, म्हणजे राज्याच्या तिजोरीला. राज्यघटनेच्या कलम 293 नुसार राज्याला देशाबाहेरून कर्ज काढता येत नाही. म्हणून 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी ठरलेले हे कर्जही केंद्रामार्फतच येते. पण बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्र असे कर्ज आहे त्या अटींवर राज्याकडे सोपवते, विनिमय दराच्या जोखमीसकट!

समजा, 10 कोटी डॉलर उचलले तेव्हा डॉलर 75 रुपयांना होता आणि फेडताना 85 झाला. मुद्दलच 750 कोटींचे 850 कोटी होते. त्या वाढीव शंभर कोटींत ना नाला रुंद होतो, ना घाट बांधला जातो. व्याजही बाजारदराशी जोडलेले, वर-खाली होणारे. शिवाय मंजूर होऊनही न उचललेल्या रकमेवर वर्षाला पाव टक्का आकार पडतो. टेंडर रखडले की हे मीटर चालूच. माझ्या मते खरी उधळपट्टी तिथे आहे.

देश बुडेल ही भीती मात्र अनाठायी. 1990-91 मध्ये परकीय चलनाच्या चालू मिळकतीतले 35 टक्के कर्जफेडीत जात होते; 2024-25 मध्ये जेमतेम साडेसहा. तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद परदेशी जाते, तिचाही या मिळकतीत वाटा आहे.

तेव्हा लोकप्रतिनिधींना मंजूर रक्कम विचारू नका. उचललेली किती आणि काम कुठवर आले, ते विचारा.