घाटाची चढण आणि गिअरबॉक्सचा ताप

मालाने भरलेला ट्रेलर कसारा घाट अतिशय संथ गतीने चढतो. मागून येणाऱ्या प्रवाशांना ही गती कंटाळवाणी वाटते. परंतु या संथपणामागे चालकाचा अनुभव असतो.

१ टन वजन १०० मीटर उंच नेण्यासाठी सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा लागते. एवढ्या ऊर्जेने साधारणतः ३ लिटर पाणी उकळू शकते. माल व वाहन यांचे वजन मिळून ३० टन असेल, तर ऊर्जाही तीसपट लागते. ही शक्ती क्लच आणि गिअरबॉक्स यांमधून चाकांपर्यंत पोहोचते. वाटेत घर्षणामुळे तिचा काही भाग उष्णतेत बदलतो.

क्लच अर्धवट दाबून गाडी चढावर रेटली, की क्लच प्लेट घसरत राहते, तापते आणि अखेर जळते. गिअरबॉक्समधील तेल दात्यांना वंगण देते व त्यांची उष्णताही वाहून नेते. तेच प्रमाणाबाहेर तापले, की पातळ होते आणि दाते झिजू लागतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या काही वाहनांत शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. तेथे संथ गती व जड ओझे यांमुळे तेल अधिकच तापते.

म्हणूनच जाणता चालक चढण सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो. क्लचवर विनाकारण पाय ठेवत नाही. वाहतूक खोळंबली, तर गाडी क्लचवर न तोलता ब्रेकवर थांबवतो. प्रवासापूर्वी तेलाची पातळी तपासतो. जळका वास येताच सुरक्षित, रुंद जागी थांबतो, चाकामागे ठोकळा लावतो आणि यंत्र निवू देतो.

मात्र ही जबाबदारी एकट्या चालकाची नाही. परवानगीपेक्षा अधिक माल भरून लवकर पोहोचण्याचा तगादा लावला, तर कौशल्यही अपुरे पडते. ऐन चढणीवर क्लच निकामी झाला, तर गाडी मागे घसरून इतरांचे प्राण संकटात येतात. अशा वेळी वाचवलेल्या एका फेरीचे मोल ते काय?

विचार करा :
१. चढण सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर का टाकावा?
२. वाहन तापण्यास मालक कसा जबाबदार ठरू शकतो?